मामा तलावातले मासे पहाटे का मेले? तापणारे पाणी आणि आपल्याकडचे गोड्या पाण्यातले मासे

चुलबंदकाठ (धागाकर्ता) | ४ जून

सर्वांना नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातील चुलबंद नदीच्या खोऱ्यातला. आमच्या गावचा माजी मालगुजारी तलाव, ज्याला आपण सगळे मामा तलाव म्हणतो, तो आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने आहे आणि गेली सहा वर्षे संस्थेचे दप्तर माझ्याकडे आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे आमच्या तलावातले मासे मेले. ते कशाने मेले हे शोधताना जे समजले ते येथे सविस्तर लिहितो, कारण असे तलाव असलेल्या गावांना पुढचा उन्हाळा लागण्यापूर्वी ते ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

आदल्या दिवशी आभाळ भरून आले होते, पण थेंबही पडला नाही. वारा पूर्ण पडलेला होता आणि रात्रीही अंगाची काहिली होत होती. पहाटे साडेचारला काका पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर गेले, तेव्हा कडेकडेने मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. ते धावत घरी आले आणि एवढेच म्हणाले, "मासोळ्या वर येऊन रायल्या." आम्ही पोहोचेपर्यंत सलंगाच्या (जादा पाणी बाहेर पडण्याच्या सांडव्याच्या) बाजूला मोठे कटले उताणे तरंगू लागले होते. उजाडल्यावर मेलेले मासे गोळा केले, तेव्हा त्यांत दीड-दोन किलोचे कटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) सर्वांत जास्त होते, रोहू त्यांच्यापेक्षा कमी होते, आणि मरळ, वाघूर किंवा शिंगूर एकही नव्हता. प्रत्येक मेलेल्या कटल्याचे तोंड उघडे होते आणि कल्ल्यांवरची झाकणे फाकलेली होती.

गावात सर्वांत आधी विषाचीच चर्चा सुरू झाली. ठेक्यावरून पूर्वी वाद झालेला असल्याने संशयाला माणसेही लगेच सापडली, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते, पण त्या सकाळी माझाही त्यावर विश्वास बसला होता. तो संशय दूर झाला तो झिंग्यांमुळे. माझ्या आईने कडेच्या गवतात टोपली फिरवली आणि तिच्यात जिवंत झिंगे व पोष्ट्या या लहान मासोळ्या उड्या मारू लागल्या. विष असते तर आधी झिंगे मेले असते, लहान-मोठा असा फरक राहिला नसता, आणि मासे मरण्यासाठी पहाटेचीच वेळ का यावी याचेही उत्तर मिळाले नसते.

त्यानंतर शाळेतल्या प्रयोगशाळेतून तापमापी मागून आणली. दुपारी तीन वाजता वरच्या थरात पाणी ३६ अंश भरले आणि पहाटे पाचलाही ते ३१ च्या खाली उतरले नाही. पाळीजवळ, म्हणजे तलावाच्या सर्वांत खोल भागात, जेमतेम साडेचार फूट पाणी उरले होते, कारण उन्हाळी धानासाठी मेच्या मध्यापर्यंत पाणी सोडणे चालू होते. गेल्या वर्षी याच दिवसांत पाणी किती तापले होते, हे आम्हाला सांगता येत नाही. विकलेल्या प्रत्येक किलोची नोंद आमच्या दप्तरात आहे, पण ज्या पाण्यावर ते सारे उभे आहे त्याची एकही नोंद नाही.

माझे म्हणणे असे आहे की आमचे मासे उन्हाने भाजून मेले नाहीत, तर तापलेल्या उथळ पाण्यात पहाटे त्यांना श्वास पुरला नाही. उन्हाळे यापुढे सौम्य होणार नसतील, तर तलावात उन्हाळ्याअखेर किती पाणी राखायचे हाच मासेमारीचा पहिला प्रश्न ठरतो, आणि मत्स्यबीज किती सोडायचे हा त्यानंतरचा. जाणकारांनी यात काही चुकत असल्यास दुरुस्त करावे.

---

धानकरी | ४ जून

चुलबंदकाठ भाऊ, नुकसानीबद्दल खरोखर वाईट वाटले. मी लाखांदूर बाजूचा, धान पिकवणारा माणूस आहे. एक शंका स्पष्टपणे विचारतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे ही काही नवी गोष्ट नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचे आकडे तर आपण लहानपणापासून ऐकतो. मग याला हवामानबदल म्हणायचे की नेहमीचाच कडक उन्हाळा? शिवाय उन्हाळी धानाचे पाणी थांबवा असे म्हणणे सोपे आहे, पण खरिपात मार बसलेल्या शेतकऱ्याला ते एकच पीक हाती लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

---

कल्ला_आणि_खवले | ५ जून

मी मत्स्यशास्त्राचे शिक्षण घेतले आहे आणि काही वर्षे मत्स्यबीज केंद्रात काम केले आहे. धागाकर्त्याने केलेले निदान माझ्या मते योग्य आहे. त्यामागची कारणे जरा विस्ताराने सांगतो, कारण त्यांतच धानकरी भाऊंच्या शंकेचे उत्तर आहे.

पाणी जितके तापते तितका त्यात कमी प्राणवायू विरघळतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना साधारण ६.९. मासा हा थंड रक्ताचा जीव असल्याने पाणी तापले की त्याचे शरीरही तापते, आणि दहा अंशांच्या वाढीमागे त्याची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे पुरवठा घटतो आणि त्याच वेळी गरज वाढते. तळातला गाळ कुजण्याची क्रियाही उष्णतेने वेगावते आणि उरलेल्या प्राणवायूत तीही वाटेकरी होते.

आता पहाटेविषयी. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात, त्यामुळे हिरव्यागार तलावात दुपारी तो भरपूर असतो. रात्री मात्र त्याच वनस्पती, मासे आणि गाळातले जिवाणू असे सगळेच तो वापरतात आणि सूर्योदयापूर्वी त्याची पातळी सर्वांत खाली जाते. आदला दिवस ढगाळ असेल तर दिवसाची कमाईच कमी होते, आणि वारा पडलेला असेल तर हवेतून पाण्यात प्राणवायू मिसळणेही मंदावते. आपल्या काकांनी पाहिलेली पहाट या सगळ्या गोष्टी जुळून आलेली होती. लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली कटला-रोहूसारखे कार्प मासे त्रस्त होतात आणि एकाच्या आसपास मरू लागतात. मोठे मासे आधी मरणे, त्यातही कटला आणि चंदेरा आधी जाणे, उघडे तोंड आणि फाकलेले कल्ले, ही सगळी गुदमरण्याची लक्षणे आहेत. मरळ, वाघूर आणि शिंगूर यांना कल्ल्यांशिवाय हवेतून श्वास घेण्याची वेगळी इंद्रिये असतात, म्हणून ते वाचले.

धानकरी भाऊ, एखाद्या तलावातल्या एका पहाटेवर हवामानबदलाचा शिक्का कोणालाही मारता येणार नाही, आणि तो मारण्याची घाईही करू नये. परंतु १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, हे केंद्र सरकारच्या २०२० सालच्या हवामान अहवालात नोंदलेले आहे. एवढ्याशा वाढीने काय होते असे वाटू शकते. पण कटला, रोहू आणि मृगळ यांना २५ ते ३२ अंशांचे पाणी मानवते, आणि आपले उथळ तलाव मे महिन्यात आधीच त्या मर्यादेच्या पलीकडे असतात. काठोकाठ भरलेल्या भांड्यात आणखी एक वाटी ओतली तर ती सांडणारच. त्यातही रात्री गरम राहू लागल्या की पाण्याला निवायला वेळ मिळत नाही. आपले ३१ अंशांचे पहाटेचे मोजमाप मला दुपारच्या ३६ पेक्षा अधिक काळजीचे वाटते.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्याचा काही भाग विषारी रूपात असतो, आणि पाण्याचा सामू (पीएच) तोच राहिला तरी २० वरून ३० अंशांवर गेल्यास तो भाग जवळपास दुप्पट होतो. म्हणून कडक उन्हाळ्यात खाद्य वाढवून मासे लवकर मोठे करण्याचा प्रयत्न अंगाशी येतो.

---

सिपनेच्या_डोहाशी | ५ जून

हा धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहिते. मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्याकडे तलाव कमी आणि नद्यांचे डोह जास्त. उन्हाळ्यात सिपना आणि गडगा या नद्यांची धार तुटते आणि खडकांमधले डोह तेवढे उरतात. त्या भागातले सगळे मासे त्या चार-दोन डोहांत गोळा होतात आणि पावसाळ्यात तेथूनच पुन्हा नदीभर पसरतात. एखादा डोह मेच्या अखेरीस आटला किंवा त्यातले पाणी तापून कुजले, तर पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात बीज येणार कोठून?

माझ्या शाळेच्या वाटेवरचा एक डोह मी नऊ वर्षे पाहते आहे. त्याच्यावर जांभळीची आणि अर्जुनाची झाडे वाकलेली आहेत, आणि भर दुपारी त्या सावलीच्या पट्ट्यातच मासे एकावर एक दाटीने उभे असतात, उन्हात एकही नसतो. दोन वर्षांपूर्वी काठावरचा एक मोठा अर्जुन पुरात उन्मळून पडला, तेव्हापासून त्या बाजूचे पाणी हिरवे आणि दाट होऊ लागले आहे. झाड आणि मासा यांचा संबंध पुस्तकात शिकवताना मला कधी इतका स्पष्ट दिसला नव्हता.

डोहात वनस्पतीची पूड टाकून किंवा त्याहून वाईट रसायन टाकून मासे धरणे अजून घडते. पाणी कमी आणि गरम असताना त्याचा परिणाम किती पटींनी होत असेल, याचे उत्तर वरच्या प्रतिसादात मला मिळाले.

---

शेततळं_वाशीम | ६ जून

आमच्या पश्चिम विदर्भातली अडचण थोडी निराळी आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि त्यानंतर अनेकांनी शेततळ्यात मासे सोडून पाहिले. मीही प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात दोन वर्षे मत्स्यपालन केले. एप्रिलनंतर संत्र्याच्या बागेला पाणी द्यावे लागते, तळे निम्म्यावर येते, आणि झाडाची सावली नाही, चिखल नाही, पाणवनस्पती नाही, अशा त्या तळ्यातले पाणी ऊन थेट पिते. दुसऱ्या वर्षी माझे बरेच मासे गेले. आता मी अर्धबोटुकलीऐवजी, म्हणजे अगदी लहान पिल्लांऐवजी, मोठी बोटुकली सोडतो आणि मार्चअखेर सगळा माल काढून मोकळा होतो. माशाचे वजन कमी भरते, भाव थोडा कमी मिळतो, पण रात्री झोप लागते. ज्यांचे पाणी टिकत नाही त्यांनी मे महिन्यापर्यंत थांबण्याचा मोह धरू नये, असे माझे अनुभवाचे मत आहे.

---

चुलबंदकाठ | ६ जून

सर्वांचे आभार. कल्ला_आणि_खवले सर, आपण लिहिलेले मी संस्थेच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. ज्या घरावर आम्ही संशय घेतला होता त्या घरचे काका तेथेच बसले होते. वाचून झाल्यावर आमच्या अध्यक्षांनी उठून त्यांची माफी मागितली.

दोन प्रश्न आहेत. पहिला असा की आमचे जुने लोक सांगतात, पूर्वी मृगाचा पाऊस पडला की मासे चढणीला लागत आणि धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, अंडी घालत. हल्ली मेमध्येच पोटात अंडी भरलेले मासे जाळ्यात येतात, आणि पाऊस मात्र लांबतो. हे खरेच बदलले आहे की आमचा भास आहे? दुसरा प्रश्न असा की उन्हात मरळ आणि वाघूर तग धरतात, तर मग सगळा भर त्यांच्यावरच का देऊ नये?

---

कल्ला_आणि_खवले | ७ जून

भास नाही. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने बंगालमधील मत्स्यबीज केंद्रांच्या अभ्यासात असे नोंदवले आहे की कटला-रोहू पूर्वी पावसाच्या सुरुवातीला प्रजननक्षम होत, ते आता मार्च-एप्रिलमध्येच होऊ लागले आहेत, आणि वाढलेले तापमान हे त्याचे एक कारण आहे. बीज केंद्रात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन प्रजनन घडवता येते, त्यामुळे तेथे हा बदल फायद्याचाही ठरतो. हे तंत्र भारतात १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी यशस्वी केले, म्हणूनच १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन असतो. पण नदी-नाल्यातल्या माशाला इंजेक्शन द्यायला कोणी नाही. उष्णतेने अंडी लवकर तयार होतात, परंतु ती सोडण्यासाठी त्याला नव्या पाण्याचा लोंढा आणि बुडालेले गवत लागते. पाऊस लांबला तर तयार अंडी शरीरातच पुन्हा जिरून जातात आणि त्या मादीचे ते वर्ष वाया जाते.

पावसाचे स्वरूपही बदलले आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे भारतीय शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील संशोधनात आढळले. पहिला लोंढा जोराचा आला, मासे बांधीत चढले, अंडी घातली, आणि मग पंधरा दिवस ऊन पडले, तर ती अंडी आणि पिल्ले डबक्यात अडकून सुकतात. वाघूर आणि मरळ हेही याच उथळ, गवताळ कडेवर पिल्ले वाढवतात, म्हणून ते उन्हात तगले तरी त्यांचा वंश सुरक्षित आहे असे समजू नये. त्यांच्यावर भर जरूर द्या, पण देशी वाघूरच घ्या. झपाट्याने वाढतो म्हणून जो परदेशी मागूर विकला जातो तो पाळण्यावर देशात बंदी आहे आणि तो तलावातले बाकीचे मासे संपवतो. तिलापियाचेही तसेच, उष्ण आणि कमी प्राणवायूच्या पाण्यात तो टिकतो आणि देशी माशांची जागा बळकावतो.

एक सावधगिरी सांगतो. पहिला वादळी पाऊस झाला की तळातले प्राणवायू नसलेले, कुजके पाणी वर मिसळते आणि त्याही वेळी मासे मरतात. आपला धोका अजून संपलेला नाही.

---

कमळगट्टा | ८ जून

मी गोंदिया जिल्ह्यातली, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली. आमच्या गावच्या बायकांनी तलावात माजलेली बेशरम ही वनस्पती हाताने उपटून काढली, त्याला आता काही वर्षे झाली. त्याआधी तलावात गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडला गेला होता आणि त्याने कमळापासून बारीक पाणगवतापर्यंत सगळे खाऊन तलाव बोडका केला होता. पाणी उघडे पडले, ते तापू लागले, आणि पोष्टी, दाडक, काटवा असे घरच्या ताटातले लहान मासे दिसेनासे झाले. आम्ही कडेच्या पट्ट्यात पाण्यात वाढणारी गवते पुन्हा लावली. पहिल्या वर्षी गुरांनी खाल्ली, दुसऱ्या वर्षी काट्या रोवून राखली. आता दुपारी त्या गवतात हात घातला तर पाणी उघड्या भागापेक्षा गार लागते आणि बोटांना लहान मासोळ्या टोचतात.

ठेका आणि उत्पन्न यांच्या गोष्टीत कटला-रोहूच मोजले जातात. पण बाजारात न जाणारा, बाळंतिणीला आणि लेकरांना मिळणारा मासा तो हाच. तो गेला तर कोणत्याच दप्तरात नोंद होणार नाही, म्हणून येथे लिहून ठेवते.

---

कल्ला_आणि_खवले | ८ जून

कमळगट्टा ताईंच्या कामाला मनापासून नमस्कार. फक्त एवढे जोडतो की पाणवनस्पती कडेला आणि पट्ट्यापट्ट्याने असाव्यात. संपूर्ण तलाव झाकला गेला तर रात्री त्याच वनस्पती प्राणवायू संपवतात. चुना टाकण्याविषयी मला वैयक्तिक निरोप आले आहेत. पाणी दाट हिरवे आणि सामू आधीच चढा असेल तर उन्हाळ्यात अंदाजाने चुना टाकू नये, त्याने अमोनियाचे विषारी रूप वाढते. आधी सामू मोजावा.

---

धानकरी | ९ जून

मी तीन दिवस हे सगळे वाचत होतो. माझ्या पहिल्या प्रतिसादात मासे आणि धान यांना मी एकमेकांसमोर उभे केले, ते पूर्ण बरोबर नव्हते. आमच्या तलावाच्या जुन्या तुडुमाला, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराला, वरून खाली एकेक भोक होते आणि लाकडी खुंट्या वरून क्रमाने काढल्या जात. सगळ्यात खालची खुंटी काढायची नाही, असा माझ्या आजोबांच्या वेळचा रिवाज होता आणि तो मोडणाऱ्याला गावात बोल लागत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पुढे लोखंडी दरवाजा बसला आणि तो तळापासून उघडतो. खालचे पाणी कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासून कोणी विचारलाच नाही. ते गुरांचे होते, विहिरींचे होते आणि माशांचे होते.

तरीही माझा मुद्दा मी सोडत नाही. पाणी राखायचे असेल तर उन्हाळी धानाचे क्षेत्र डिसेंबरमध्येच ठरले पाहिजे. रोवणी झाल्यावर मार्चमध्ये पाणी बंद म्हणाल तर भांडणेच होतील.

---

चुलबंदकाठ | १५ जून

धानकरी भाऊंचा प्रतिसाद आमच्या गावच्या पाणीवाटपाच्या बैठकीत कामी आला. आमच्याही तलावाला तुडूम होते, त्याचे दगड अजून पाळीत आहेत, हे बैठकीत दोन म्हाताऱ्या माणसांनी सांगितले. पाळीजवळ निदान सात फूट पाणी राहील अशा उंचीवर दगडावर रंगाची खूण करायची आणि त्याखाली दरवाजा उघडायचा नाही, एवढे मान्य झाले. धानाचे क्षेत्र किती, यावर एकमत झाले नाही. तो विषय डिसेंबरच्या ग्रामसभेवर गेला आहे आणि तेथे वाद होणार हे मला दिसते आहे. गाळ काढताना संपूर्ण तलाव सारखा न खोदता मधोमध एक डोह खोल करावा, हेही ठरले. सिपनेच्या_डोहाशी ताई, तो विचार तुमच्या लिहिण्यातून आला.

१२ तारखेला रात्री वादळासह पहिला पाऊस झाला. सरांनी सावध केले होते म्हणून आम्ही सहा जण रात्रभर पाळीवर होतो आणि इंजिन लावून तलावाचेच पाणी उंचावरून परत तलावात सोडत राहिलो. पहाटे मासे वर आले, पण उजाडल्यावर खाली गेले. तीन कटले मेले.

प्राणवायू मोजण्याची रसायनांची पेटी संस्थेने विकत घेतली आहे. तारीख, वेळ, पाण्याची खोली, वरचे तापमान, तळाचे तापमान आणि प्राणवायू असे रकाने आखून एक वही केली आहे, ती माझी पुतणी भरते. आजची नोंद अशी: १५ जून, पहाटे ५, खोली ५ फूट, वर २८ अंश, तळाशी २८ अंश, प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅम, वारा हलका, मासे वर नाहीत.